बुधाजीकाका वूंडेड नव्हते

लालबागच्या हरबाच्या चाळीत आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहायचो आणि बुधाजी घाडी दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून. मागची गिरणी इतकी जवळ की भोंगा झाला की आमच्या फळीवरच्या वाट्या वाजायच्या. त्या गिरणीच्या दवाखान्यात बुधाजीकाका ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारा माणूस. अठरा वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, आणि त्यांच्या हातची पट्टी इतकी देखणी असायची की कामगार ती सोडायला तयार नसत. हातालाच सवय लागली होती म्हणा. चाळीचा सामाईक नळ गळायला लागला तेव्हा काकांनी त्याला पट्टी बांधली. मालकाने प्लंबर पाठवेपर्यंत दोन वर्षं तो नळ मनगट मुरगळलेल्या माणसासारखा उभा होता.

काकांचं शिक्षण मालवणकडच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत. पण दवाखान्याचं रजिस्टर इंग्रजीत असायचं आणि ते त्यांनाच भरावं लागे. त्यामुळे चाळीसेक इंग्रजी शब्द त्यांना येत होते. फिंगर, शटल, बेल्ट, स्लिप असे. त्यातला सर्वांत लाडका शब्द रजिस्टरच्या पहिल्या रकान्यातला: इंज्युअर्ड. कोण इंज्युअर्ड झाला, कुठल्या खात्यात, कशाने. त्या शब्दाबाबत ते फार कडक होते. एकदा एका विणकराला त्याचा मेहुणा चावला आणि तो रक्ताळलेला दंड घेऊन दवाखान्यात आला. काकांनी पट्टी बांधली, पण नाव लिहायला साफ नकार दिला.

"मेहुणा मशीन नाय," ते म्हणाले. "हयसर फक्त मशीनचा लिवतत."

अशा माणसावर छप्पन सालच्या जानेवारीत तो प्रसंग आला.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. संचारबंदी, लाठ्या, अश्रुधूर, गोळीबार. त्या आठवड्यात आमच्या आजूबाजूची माणसं खरोखर मेली. ते मी विसरलेले नाही. काका तर कधीच विसरले नाहीत, आणि पुढचं सगळं रामायण झालं ते त्यांच्या न विसरण्यामुळेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काका अंगणात नळावर कळशी भरत होते. वर आमच्या गॅलरीच्या कठड्यावर माझ्या आईने, गंगुबाईने, लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती. मी तिला म्हटलंही होतं की बाहेर काय चाललंय, तुझं काय चाललंय. ती म्हणाली, "कर्फ्यू माणसांना असतो. उन्हाला नसतो." एवढ्यात नाक्यावर अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. आई दचकली, तिचं कोपर बरणीला लागलं, आणि चिनी मातीची ती चार शेरांची बरणी तीन माळे खाली गेली.

काकांच्या डाव्या खांद्यावर ती आपटली. हाड मोडलं. खापरी उडून कपाळ फाटलं. त्यावर लोणच्याचा लालभडक खार. रक्त किती आणि तिखट किती हे सांगणं कठीण होतं. रस्त्यावरून पळत आत शिरलेल्या चार माणसांनी पाहिलं आणि ओरडा केला, "गोळी लागली! माणूस पडला!" त्यांनी काकांना उचललं, हातगाडीवर घातलं आणि धावत सुटले.

काका ओरडत होते, "लोणचं! अरे, लोणचं!"

गाडी ढकलणाऱ्यांतल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "बिचारा. घरचं जेवण आठवतंय."

परळच्या इस्पितळात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टर तीन दिवस झोपलेले नव्हते. काकांचं कपाळ शिवलं, खांदा बांधला. बांधताना काका कॉम्पाउंडरला सांगत होते, "पट्टीचो दुसरो येढो सैल पडलो," आणि तो म्हणत होता, "तुम्ही गप्प पडा हो." मग त्यांना एका खाटेवर टाकलं. शेजारच्या खाटेवर पस्तिशीचा एक माणूस होता. सीताराम गमरे, नायगावच्या बी.डी.डी. चाळीतला, दुसऱ्या एका गिरणीतला विणकर. त्याच्या डाव्या पोटरीतून गोळी आरपार गेली होती.

"कुठे लागली?" सीतारामने विचारलं.

"चाळीच्या अंगणात."

"आत शिरून मारली?"

"नाय. वरसून."

"वरून? गच्चीवर चढले होते?"

"तिसऱ्या माळ्यावरसून," काका म्हणाले. "लिंबाचा."

सीतारामने नर्सला हाक मारून सांगितलं की या भाऊंच्या डोक्याला जरा जास्तच मार दिसतोय.

चूक कुठे झाली ते मी स्वतः पाहिलंय, कारण दुसऱ्या दिवशी आई आणि मी डबा घेऊन गेलो होतो. मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे खाटेच्या पायाशी टांगलेलं कार्ड मला वाचता आलं. डॉक्टरांनी काकांच्या कार्डावर लिहिलं होतं 'लॅसरेटेड वूंड', म्हणजे फाटून झालेली जखम. बरोबर होतं. सीतारामच्या कार्डावर होतं 'गनशॉट इंज्युरी', म्हणजे गोळीने झालेली इजा. तेही बरोबर होतं. मग कारकून आला. त्याच्या हातात सरकारला पाठवायची यादी होती आणि त्या यादीत दोन रकाने होते: वूंडेड आणि इंज्युअर्ड. बिचाऱ्याचे डोळे मिटत होते. त्याने एक कार्ड पाहिलं, त्यात वूंड दिसलं, काकांचं नाव वूंडेडमध्ये घातलं. दुसरं पाहिलं, इंज्युरी दिसली, सीतारामचं नाव इंज्युअर्डमध्ये घातलं. आणि पुढच्या खाटेकडे गेला.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आईच्या बरणीचा विषय कुणी काढला नाही, यातच मला समाधान होतं.

चाळीत तात्या होते. तात्या आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. फोर्टात एका सॉलिसिटरकडे तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती, आणि चाळीत इंग्रजीचा प्रश्न निघाला की ते ती मांडीवर घेऊन बसत. यादीची नक्कल कुठून तरी त्यांच्या हाती आली. त्यांनी गॅलरीत उभं राहून डिक्शनरी उघडली आणि निकाल दिला.

"वूंडेड म्हणजे शस्त्राने घायाळ झालेला. बहुधा युद्धात. इंज्युअर्ड म्हणजे अपघातात लागलेला. इस्पितळाने लेखी दिलंय, आपला बुधाजी वूंडेड आहे. हरबाच्या चाळीचा वीर!"

"अहो, पण बरणी..." आई म्हणाली.

"गंगुबाई, कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं."

दीड महिन्याने काका खांद्याला झोळी अडकवून घरी आले तर अंगणात पताका लावलेल्या. नळालासुद्धा हार. खुर्चीवर बसवून त्यांना शाल दिली, नारळ दिला. तात्यांचं भाषण झालं. मग काका उभे राहिले. आयुष्यात चारचौघांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"माका गोळी लागाक नाय," ते म्हणाले. "माका गंगुबाईच्या लोणच्याची बरणी लागली."

तात्या उठले आणि त्यांनी काकांचा उजवा हात उंचावला.

"ऐका! याला म्हणतात विनय!"

इतक्या टाळ्या पडल्या की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले.

काका खरंच बोलत होते हे चाळीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. त्यांनी अंगणातल्या फोडी वेचून टाकल्या होत्या. पण वीर आपल्या चाळीत असावा असं कुणाला वाटत नाही? आई मात्र ऐकेना. ती तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तात्यांनी तिला सॉलिसिटरच्या ऑफिसात शिकलेलं सगळं ऐकवलं. नळकांडं सरकारने फोडलं. त्याच्या आवाजाने गंगुबाई दचकली. तिच्या दचकण्याने बरणी पडली. म्हणजे बरणी जरी गंगुबाईची असली तरी मार सरकारचा.

"म्हणजे मी सरकारचं हत्यार?" आईने विचारलं.

"निमित्त," तात्या म्हणाले. "कायद्यात तुम्ही फक्त निमित्त."

आई पुढचे आठ महिने तात्यांशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात काका माझ्याकडे आले. संध्याकाळची वेळ, मी वह्या तपासत होते. ते उंबऱ्याशी बसले. कपाळावरची शिवण अजून लाल होती.

"गो राधा, माका खरा सांग. वूंड म्हणजे काय? मी अठरा वर्षां वूंड धुतंय. भोक नायतर चीर, असाच ना?"

"असंच, काका."

"मग माझ्या कपाळाक वूंड होता. तरी मी वूंडेड नाय?"

"नाही. वूंड कुणालाही पडतं. पण वूंडेड माणूस म्हणायचं तर कुणीतरी मारलेलं असावं लागतं, मुद्दाम, हत्याराने. तुम्हाला कुणी मारलं नाही. तुम्हाला लागलं. म्हणून तुम्ही इंज्युअर्ड."

"आणि सीतारामाक गोळी लागली. ता वूंड. पण डाक्तर त्याका इंज्युरी म्हणता."

"तेही चुकीचं नाही. इंज्युरी हा मोठा डबा आहे. वूंड त्यातली एक वाटी. हाड मोडलं, पाय मुरगळला, भाजलं, सगळं डब्यात. कातडी फाटली तर वाटीत."

काकांना हे पटलं. डबा आणि वाटी त्यांनी हवेत हाताने मांडून पाहिली. मग विचारलं, "मनाक लागला तर?"

"वूंडेड. फीलिंग्ज वूंडेड होतात."

"शब्दान मारल्यार वूंडेड आणि बरणीन मारल्यार इंज्युअर्ड?"

"हो."

"आणि नाव खराब झाला तर?"

"इंज्युअर्ड. अब्रू इंज्युअर्ड होते."

"अब्रू मशीनमध्ये गावता?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. ते म्हणाले, "राधा, त्या वार्डात माझ्या डाव्या बाजूक सीताराम होतो. उजव्या बाजूक एक पोरसवदा गिरणीवालो होतो. तो दुसऱ्या दिवशी गेलो. त्याचा कार्ड काढून नेला तेव्हा मी जागो होतंय. त्यांच्या रांगेत माझा नाव? लोणच्यासाठी?"

मी वह्या बाजूला सारल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

कामावर रुजू व्हायला ते गेले तर तिथे नवाच घोळ. गिरणीच्या टाइम ऑफिसला इस्पितळातून कागद आला होता: बुधाजी घाडी, वूंडेड. टाइम ऑफिसातला कारकून नवा. त्याची सगळी नोकरी वाइंडिंग खात्यात गेलेली, जिथे सूत नळ्यांवर गुंडाळतात. गुंडाळलेल्या सुताला इंग्रजीत वाउंड म्हणतात, आणि त्याची अक्षरं जखमेच्या वूंडसारखीच, एकही इकडचं तिकडे नाही. त्या खात्याच्या प्रत्येक कार्डावर तो शब्द असायचा. कारकुनाने काकांचा कागद वाचला, हा आमच्याच खात्यातला माणूस म्हणाला, आणि बदलीची चिठ्ठी फाडून दिली.

दवाखान्याच्या दारात रखवालदाराने काकांना अडवलं. पासावर वाइंडिंग खातं आहे, इथे सोडता येत नाही. काकांनी त्याच्या अंगठ्याला तीनदा पट्टी बांधली होती, पण तो म्हणाला, "तुम्हाला ओळखतो हो. पासाला नाही ओळखत."

वाइंडिंग खात्यात सगळ्या बायकाच. त्यांची मुकादम, गिरणीच्या भाषेत नायकीण, सुंदराबाई, सहा फुटी, आवाज भोंग्याच्या वरचा. काका कपाळावर लाल शिवण आणि गळ्यात झोळी अशा अवस्थेत दारात उभे राहिले तेव्हा साठ बायकांनी एकदम माना वळवल्या.

"काय पाहिजे?" सुंदराबाईने विचारलं.

काकांनी चिठ्ठी दिली. तिने ती शेजारच्या बाईकडून वाचून घेतली आणि काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आमच्यात वाउंड म्हणजे गुंडाळलेलं. तुमच्यात?"

"फाटलेलं."

"अक्षरं तीच?"

"तीच."

"साहेब लोकांचं बरं आहे," ती म्हणाली. "फाटलेलं आणि गुंडाळलेलं एकाच शब्दात भागवतात. बसा त्या स्टुलावर."

अकरा दिवस काका तिथे होते. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायचं काम त्यांना दिलं, उजव्या हाताने आणि दातांनी. ती गाठ इतकी सुबक यायची की सुंदराबाई इतरांना बोलावून दाखवायची. बायकांनी त्यांना डब्यातलं खाऊ घातलं, आपली दुखणी सांगितली. काकांनी दोघींच्या बोटांना सुताच्या पट्ट्या बांधल्या. तिकडे दवाखान्यात डॉक्टर स्वतः पट्ट्या बांधत होते आणि त्या खात्याखात्यांत गळून पडत होत्या. अकराव्या दिवशी एका जॉबरने, म्हणजे मुकादमाने, डॉक्टरांच्या टेबलावर गळलेल्या सात पट्ट्या आणून ठेवल्या. तेव्हा डॉक्टर उठले, काकांना शोधत आले आणि नळ्यांच्या ढिगामागून त्यांना हाताला धरून घेऊन गेले.

कागदावर मात्र दुरुस्ती झालीच नाही. नोकरी संपेपर्यंत बुधाजी घाडी वाइंडिंग खात्यात होते. त्या खात्यातल्या बायकांना दिवाळीला चोळीचं कापड मिळायचं, ते काकांनाही मिळायचं. जाईबाईंची, म्हणजे काकूंची, त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

जूनमध्ये एक माणूस लंगडत आमच्या चाळीत आला आणि विचारू लागला, "वूंडेड बुधाजी इथेच राहतात काय?" तो सीताराम होता. त्याच्या खिशात एक छापील फॉर्म होता. त्याचीही गिरणी इस्पितळाच्या कागदावर चालली होती. कागद म्हणत होता इंज्युअर्ड, आणि इंज्युअर्ड म्हटलं की गिरणीत एकच फॉर्म निघतो, अपघाताचा. तो मी वाचून दाखवला. कोणत्या मशीनने इजा झाली? मशीन चालू होतं की बंद? मशीनला गार्ड होता का, म्हणजे इजा टाळणारी जाळी?

"मग काय लिहिलंत?" मी विचारलं.

"खरं तेच सांगितलं. मशीन: बंदूक. चालू होतं. गार्ड होता. त्यानेच चालवलं."

फॉर्म परत आला होता. वर लाल शाईत शेरा: सदर मशीन आमच्या गिरणीत नाही, तरी खुलासा करावा.

"भाऊ," सीताराम काकांना म्हणाला, "मला हार नको नि तुरा नको. पण पोरांना मी काय सांगू? शेजारी म्हणतात, कागदावर तू गिरणीत पडलास. गोळीबिळी काही नाही."

काका लगेच उठले. टोपी घातली. मलाही चल म्हणाले, इंग्रजीसाठी.

इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत तोच कारकून होता. आता झोप झालेली असल्यामुळे तो फार सज्जन निघाला. त्याने तिघांना बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर काढलं, डॉक्टरांची कार्डं काढली, बोट ठेवून ताडून पाहिलं.

"दोन्ही नोंदी बरोबर आहेत," तो म्हणाला. "डॉक्टरांनी वूंड लिहिलंय, मी वूंडेड लिहिलंय. त्यांनी इंज्युरी लिहिलंय, मी इंज्युअर्ड लिहिलंय."

"पण अर्थ उलटा झालाय," मी म्हटलं.

"बाई, अर्थ माझ्या खात्यात येत नाही. शब्द येतात."

"मग शब्द बदला."

"खाडाखोड चालत नाही. उद्या रजिस्टर कोर्टात गेलं तर?" त्याने डोकं खाजवलं. त्याला मनापासून मदत करायची होती. "शब्द हलत नाहीत. माणसं हलवता आली तर बघा," असं म्हणून तो स्वतःच हसला. काका आणि सीताराम हसले नाहीत.

त्या दिवसापासून दोघांचं मैत्र जमलं. दर महिन्याला काका नायगावला जायचे आणि सीतारामच्या पोटरीला तेल लावून पट्टी बांधायचे. गरज नव्हती, जखम केव्हाच भरली होती. त्या वर्षी दसऱ्याला सीताराम बायकामुलांना घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आल्यावर काकांना म्हणाला, "भाऊ, जात सोडून आलो. एवढं मोठं जमलं. पण त्या रजिस्टरातला एक शब्द नाही सुटला." सत्तावनची निवडणूक झाली, सभा झाल्या, मोर्चे झाले. प्रत्येक मोर्चात दोघं बरोबर चालले, सीताराम लंगडत आणि काका त्याच्या चालीने. लोकांना दोघंही लंगडेच वाटायचे.

साठ सालच्या एप्रिलमध्ये मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार हे पक्कं झालं. आसपासच्या चाळींच्या कमिट्यांनी मिळून परळला मैदानात सत्कार ठरवला, छप्पनच्या घायाळांचा. यादी अर्थातच तात्यांकडे. यादी अर्थातच तीच. काकांना आमंत्रण आलं. सीतारामला आलं नाही.

काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी नायगावला गेले, आणि तिथे काय बोलणं झालं ते सीतारामनेच मला पुढे सांगितलं.

"तू वर जा," काका म्हणाले.

"नाव तुमचं पुकारणार, भाऊ."

"पुकारूंदे. मी वर गेलंय तर सगळाच खोटा. तू गेलंस तर नाव तेवढा खोटा."

"तात्या ओळखतील ना. स्टेजवर बसणार ते."

"तात्यांका मी चार वर्षां खरा सांगतंय. त्यांनी कधी ऐकलानी? आता बघूंदेत."

सीताराम म्हणाला की खोट्या नावाने शाल घेणं त्याला बरं वाटत नाही. त्यावर काका चिडले. एवढे चिडलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "शाल गोळीची हा, नावाची नाय! तुझा भोक, तुझी शाल!"

मैदानात ही गर्दी. मी, आई, जाईबाई आणि काका तिसऱ्या रांगेत. व्यासपीठावर तात्या, पांढरं धोतर, काळा कोट, हातात यादी. नावं पुकारली जात होती. मग आलं, "हरबाची चाळ, लालबाग. वीर बुधाजी घाडी!"

डाव्या बाजूने सीताराम निघाला. पायऱ्या चढायला त्याला वेळ लागला. आमच्या चाळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी सीतारामकडे पाहिलं, मग खाली तिसऱ्या रांगेत बसलेल्या काकांकडे पाहिलं. काका हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसे. कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं, हे चार वर्षं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आता कागद नाव सांगत होता आणि समोर खराखुरा पाय उभा होता.

तात्या माइकपाशी आले. "हेच ते," ते म्हणाले. "हेच ते बुधाजी घाडी."

काकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून विचारलं, "तुमच्या नात्यातले का?"

"व्हय," काका म्हणाले. "जवळचे."

सीतारामला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "मला गोळी नाक्यावर लागली. इस्पितळात माझ्या एका बाजूला एक माणूस होता, त्याच्या पलीकडे आणखी एक. पलीकडचा गेला. मधला माणूस रात्रंदिवस सगळ्यांच्या पट्ट्या बघून कॉम्पाउंडरशी भांडत होता. माझा पाय त्याच्यामुळे राहिला. जय महाराष्ट्र." आणि खाली उतरला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, नाव सोडून. आणि नाव त्याने घेतलंच नव्हतं.

त्या रात्री आईने दोघांना आमच्याकडे जेवायला बसवलं. तात्याही आले, न बोलावता. आईने त्यांच्यासाठी पाट मांडला. नारळ फोडला, निम्मा लालबागला, निम्मा नायगावला. शाल सीतारामने नेली. सन्मानपत्र, ज्यावर 'बुधाजी घाडी' असं ठळक छापलेलं होतं, तेही काकांनी त्यालाच दिलं. त्याने ते काचेत बसवून भिंतीवर लावलं. त्याच्या पोरांनी शेजाऱ्यांना सांगितलं की हे बाबांचंच आहे, फक्त नाव काकांचं आहे. शेजाऱ्यांना हे एकदम समजलं. इतकी वर्षं कुणाला न समजलेली गोष्ट त्यांना कशी समजली हे मला अजून कळलेलं नाही.

पुढल्या वर्षी जनगणना आली. नायगावला सीतारामच्या खोलीत गणक आला तेव्हा घरात फक्त त्याची म्हातारी आई होती, कानाने अधू. गणकाने घरातली माणसं लिहून घेतली आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "आणि हे बुधाजी घाडी? हेही इथेच राहतात?"

"कामावर गेलेत," म्हातारी म्हणाली. "येतील आता. जेवायलाच येतात."

गणकाने लिहून घेतलं. त्याच दुपारी आमच्या चाळीतल्या गणकानेही काकांचं नाव लिहून घेतलं होतं, म्हणजे सरकारी हिशेबात काका आता दोन घरांत राहत होते. सीतारामने हे ऐकलं तेव्हा तो ऑफिसात जाऊन दुरुस्त करून येतो म्हणाला. काकांनी त्याला खाली बसवलं आणि चहा प्यायला लावला.